दलित विद्यार्थी आणि विद्यापीठे (महाराष्ट्र)

अस्पृश्य ठरवलेल्या जातींतील मुलांचा उच्च शिक्षणात झालेला प्रवेश आणि तेथे बरोबरीने वागवले जावे यासाठीचा झगडा. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांशी तुलना मराठीत जुनीच : जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली.

भीमराव आंबेडकर १९१२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाले. पुढच्या वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. कृष्णवर्णीयांची वस्ती वाढू लागलेले हार्लेम तेथून जवळच. १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्यार्थी व्याख्यानाला गर्दी करीत, पण प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला आंबेडकरांनी हात लावलेला काही सहकाऱ्यांना खपत नसे. पदवीने जात पुसली जात नाही, हे याहून उघड कुठे दिसणार?

१९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. तिचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये मुंबईत सुरू झाले. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी तेथे सकाळचे वर्ग भरत. १९५० मध्ये औरंगाबादेत पुढे ‘मिलिंद’ म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय निघाले. वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ (१८६७) कृष्णवर्णीयांना उच्च शिक्षण मिळावे या अशाच गरजेतून उभे राहिले होते. १९४६ मध्येच आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाच्या प्रती मागवल्या. पुढे मिलिंदमधील म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि कृष्णवर्णीय साहित्याची चर्चा मराठीत रुजली. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतले.

मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला आणि गावोगाव दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातील पोचीराम कांबळे यांचा बळी गेला. मिसिसिपी विद्यापीठात १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ या एका विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल झाली होती. इथे विद्यार्थी केव्हाच आत गेलेले होते. आग पेटली ती पाटीवरच्या नावावरून. नामांतराऐवजी नामविस्तार, म्हणजे मूळ नावाला आंबेडकरांचे नाव जोडणे, ही तडजोड १४ जानेवारी १९९४ रोजी अमलात आली.

प्रवेशानंतरच्या वागणुकीकडे सरकारी यंत्रणेचे लक्ष फार उशिरा गेले. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी सुखदेव थोरात समितीने केली (अहवाल २००७). विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमण्याचे विनियम काढले. कागदावर ते ठीकच. खुद्द प्रवेशाच्या बाबतीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वंशाधारित प्रवेश अवैध ठरवले. भारतात मात्र १९५१ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम १५(४) चा शिक्षणातील आरक्षणाला आधार आहे.

हा आधार राज्याच्या हद्दीपाशी अडतो. अनुसूचित जातींची यादी कलम ३४१ नुसार राज्यवार असते. सावंतवाडी तालुक्यातील बांद्याहून पत्रादेवी नाका ओलांडला की गोवा. महार आणि चांभार या जाती गोव्याच्याही यादीत आहेत. तरी बांद्याच्या मुलाचा जातीचा दाखला गोव्याच्या राज्य कोट्यात चालत नाही. शिष्यवृत्ती द्यायची ती मूळ राज्याने. आयआयटी गोव्यासारख्या केंद्रीय संस्थेत मात्र तोच दाखला ग्राह्य धरतात.