सांगायला लागणारा वेळ

ऑनलाइन फसवणुकीत चोराला पैशाइतकाच वेळही हवा असतो. पैसे गेल्यापासून तक्रार होईपर्यंतचा वेळ. हा वेळ कमी करायला आपल्याला वीसेक वर्षं लागली.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला. त्याच्या कलम ७८ नुसार तपास किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा होता. असे अधिकारी मोजकेच. २००८च्या दुरुस्तीने हा अधिकार पोलीस निरीक्षकाला मिळाला. २०१७मध्ये रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने एक महत्त्वाची गोष्ट केली: ग्राहकाने स्वतः पासवर्ड देऊन टाकला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. म्हणजे कळवण्याच्या क्षणाला किंमत आली.

२०१९मध्ये राष्ट्रीय सायबरक्राइम पोर्टल सुरू झालं आणि घरबसल्या तक्रार करता येऊ लागली. तरी पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळतच होते. एप्रिल २०२१मध्ये १५५२६० ही हेल्पलाइन सुरू झाली. तिचाच नंबर आता १९३० आहे. फोन केला की तक्रार थेट संबंधित बँकेच्या स्क्रीनवर जाते. पैसे तिथे असतील तर अडवले जातात. पुढे गेले असतील तर तक्रार पुढच्या बँकेकडे जाते. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला लेटन्सी म्हणतो, ती इथे खरोखर कमी झाली.

पण ही यंत्रणा कुणीतरी फोन केल्यावरच जागी होते. चोरांनी नेमकं हेच हेरलं. 'डिजिटल अरेस्ट'मध्ये खोटा पोलीस व्हिडिओ कॉलवर माणसाला तासन्‌तास बसवून ठेवतो आणि बजावतो, कुणाला सांगायचं नाही. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद आपल्या कुठल्याच कायद्यात नाही. शेजारच्या खोलीतल्या माणसाने एवढं एक वाक्य ऐकवलं, तरी सगळा बनाव कोसळेल. म्हणून तर आधी त्या माणसालाच दूर ठेवलं जातं.

आणि पैसे गेल्यावर चोराचं उरलेलं काम आपण करतो. "एवढं शिकून फसलास?" हे ऐकावं लागेल म्हणून लोक दोन-दोन दिवस गप्प बसतात. तोवर खातं रिकामं झालेलं असतं.

पोलिसांना लोकांचं सहकार्य म्हणजे फक्त शाळेतलं व्याख्यान किंवा सोसायटीच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड नव्हे. घरातल्या कुणी "माझे पैसे गेले" म्हटलं, तर कसे गेले हे नंतर विचारा. आधी १९३० लावा.