काल्पनिक जगातले देव कोण घडवतो?

कादंबरीसाठी देव-धर्म रचणे हा रिकाम्या वेळेचा उद्योग आहे, असे आपल्या चळवळीतल्या अनेकांना वाटते. आम्हाला ते मान्य नाही. काल्पनिक जगासाठी देव घडवणारा लेखक त्या जगात वर कोण बसणार आणि खाली कोण राबणार, हेही ठरवत असतो. फँटसी साहित्याचा इतिहास याला साक्षी आहे.

1905 साली लॉर्ड डन्सेनी या आयरिश सरदाराने 'द गॉड्स ऑफ पेगाना' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातले सगळे देवमंडळ त्याने स्वतः रचलेले. त्याचा मुख्य देव झोपलेला आहे आणि स्कार्ल नावाचा वादक त्याच्यापुढे सतत ढोल वाजवतो आहे. ढोल थांबला की मुख्य देव जागा होणार आणि बाकीचे देव व जग संपणार! म्हणजे सारी सृष्टी एका ढोल वाजवणाऱ्याच्या हातांवर उभी आहे. डन्सेनीच्या मनात काही असो, गावगाड्यात हलगी कोणाच्या गळ्यात होती हे माहीत असलेल्या आम्हाला ही कथा वेगळीच दिसते.

पुढे टॉल्किन आला. त्याचे 'द सिल्मरिलियन' त्याच्या मृत्यूनंतर 1977 साली छापले गेले. त्यात औले नावाचा देव परवानगीशिवाय ड्वार्फ ही जमात घडवतो. सर्वोच्च देव तिला जगू देतो, पण एल्फ जागे होईपर्यंत झोपवून ठेवायला लावतो, कारण ज्येष्ठपणाचा मान एल्फांचा. ऑर्क ही जमात तर सरसकट दुष्ट. त्यांची उत्पत्ती कशी सांगावी हा पेच टॉल्किनला अखेरपर्यंत समाधानकारक सुटला नाही. आमच्या मते तो सुटणारच नव्हता. जन्मावरून चांगले-वाईट ठरवणारी कोणतीही व्यवस्था न्यायाच्या प्रश्नापाशी अडखळतेच.

मग दुसरा मार्ग आहे का? आहे, आणि तो एका काळ्या स्त्रीने दाखवला. ऑक्टेव्हिया बटलर 1947 साली कॅलिफोर्नियात जन्मली. तिची आई लोकांच्या घरी मोलकरणीचे काम करी. 1993 साली तिची 'पॅरेबल ऑफ द सोअर' ही कादंबरी आली. ती देवलोकाची नव्हे, तर 2024 नंतरच्या मोडकळीला आलेल्या अमेरिकेची कथा आहे. बाप्टिस्ट धर्मोपदेशकाची मुलगी लॉरेन बापाचा देव नाकारते आणि 'अर्थसीड' हा नवा धर्म मांडते. त्यात बदलालाच देव मानले आहे. हा देव नवसाला पावत नाही. त्याला आकार माणसांनी मिळून द्यायचा. बुद्धाचा अनित्यवाद जाणणाऱ्या वाचकाला हे परके वाटणार नाही.

बटलर इथेच थांबत नाही. 1998 सालच्या पुढच्या भागात धर्मांध टोळ्या लॉरेनची वस्ती ताब्यात घेऊन तिथे छळछावणी करतात. तिची तान्ही मुलगीही हिरावली जाते. हीच मुलगी मोठेपणी आईच्या धर्मावर आणि आईवर कठोर टीका करते. स्वतः रचलेल्या धर्माच्या संस्थापिकेलाही लेखिका चिकित्सेतून सूट देत नाही. यालाच आम्ही प्रामाणिकपणा म्हणतो.

आपल्याला ही दृष्टी नवी नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहून अवतारकथांमागचे जेते आणि जित उघडे केले आणि ते पुस्तक काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केले. बाबासाहेबांनी 'रिडल्स'मध्ये विचारले की देवांना एकमेकांशी झुंजवले कोणी, आणि एकाला चढवून दुसऱ्याला उतरवले का? त्यांच्या हयातीत न छापलेले हे लिखाण 1987 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा केवढे वादळ उठले ते सर्वांना ठाऊक आहे. देव माणसाने घडवला असे म्हणताच कोणाच्या गाद्या हलतात, हे त्या वादळाने दाखवले.

आज आपली मुले कादंबऱ्या, कॉमिक्स, व्हिडिओ गेम यांसाठी नवी जगे रचत आहेत. त्यांनी जरूर रचावीत. फक्त देव घडवताना काही प्रश्न स्वतःला विचारावेत. या देवाच्या नावावर कोण फुकट खातो? त्याच्या देवळाबाहेर कोणाला उभे केले आहे? आणि त्याला नकार देणारी मुलगी या कथेत जगू शकते का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले, तर आपण नवे जग रचलेले नाही. जुन्याच गावाला नवे नाव दिले आहे.