डेट्रॉइटचं कूळ, कुर्ल्याची पाती

वडखळजवळ मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला थांबलं की पोलादी पत्र्याच्या कॉइल लादलेले ट्रेलर जाताना दिसतात. हा माल डोलवीचा. धरमतरच्या खाडीकाठचा हा कारखाना इस्पात इंडस्ट्रीजचा होता. २०१० च्या अखेरीस तो जेएसडब्ल्यूकडे गेला आणि आता त्याची क्षमता वर्षाला एक कोटी टन पोलादापर्यंत वाढली आहे. मोटारीची गोष्ट पत्र्यापासून सुरू होते. जुन्या मोटारीची किंमतही निम्मीअधिक पत्र्यावरच ठरते. म्हणून अमेरिकन मसल कार आणि तिची मुंबईतली भावकी यांची कुळकथा मांडायला डोलवीसारखी दुसरी जागा नाही.

या कुळाचं मूळ गाव डेट्रॉइट. पण त्याची एक पाती मुंबईत फार लवकर रुजली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना काढला आणि तिथून शेव्हरोले गाड्या बाहेर पडू लागल्या. पाठोपाठ फोर्डनेही मुंबईत जुळणी सुरू केली. सुटे भाग पेट्यांतून बंदरात उतरायचे, गाडी इथे जोडली जायची. हात इथले, पण मालकी, आराखडा आणि नफा तिकडचा. मोटार इथल्या भांडवलावर आणि इथल्या कारखान्यात बनली पाहिजे, हा आग्रह धरला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी.

वालचंदांनी १९१९ मध्ये सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट इंग्लंडला पाठवून ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान दिलं होतं. बंगळूरचा विमान कारखाना आणि विशाखापट्टणमची जहाजगोदी यांमागेही तेच होते. मोटारीच्या योजनेला तर सर विश्वेश्वरय्यांचा आधार होता. त्यांनी तिशीच्या दशकात युरोप-अमेरिकेचे कारखाने पाहून हिंदुस्थानात मोटार कशी बनवता येईल याचा आराखडा तयार केला होता. बाळासाहेब खेरांचं मुंबई सरकार या योजनेला अनुकूल होतं. पण १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं, खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि परक्या सरकारने हात आखडता घेतला. वालचंदांनी मात्र अमेरिकेत जाऊन क्रायस्लर कंपनीशी बोलणी पक्की केली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली.

या गाड्या तीन नावांनी विकल्या गेल्या: डॉज, प्लिमथ आणि डिसोटो. मुळात तिघी एकाच साच्याच्या. समोरची जाळी, बिल्ले, क्रोमच्या पट्ट्या यांत काय तो फरक. विक्रेत्यांची साखळी जितकी नावं मागेल तितकी पुरवायची ही क्रायस्लरची पद्धत होती. डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट ही नावं पन्नाशीच्या दशकात मुंबईच्या रस्त्यांवर मिरवली. आत एका रांगेतल्या सहा सिलिंडरांचं, बाजूला व्हॉल्व्ह असलेलं शांत पेट्रोल इंजिन. गिअरचा दांडा स्टिअरिंगला. पुढच्या सीटवर तिघं आणि मागे चौघं ऐसपैस बसत.

१९५३ मध्ये केंद्र सरकारने धोरण ठरवलं की नुसती जुळणी चालणार नाही, टप्प्याटप्प्याने भाग इथे बनवण्याचा कार्यक्रम हवा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी मुंबईतला गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली, कारण भाग इथे बनवणं हाच तिचा मूळ हेतू होता. त्या सुमारास कंपनीने इटलीच्या फियाटशीही हात मिळवला आणि १९५४ मध्ये फियाट ११०० आली. गोल पाठीमुळे लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. परकीय चलनाची चणचण, पेट्रोलचा खर्च आणि मध्यमवर्गाचा खिसा या तिन्हींनी मिळून लांबरुंद अमेरिकन गाडी मागे सारली.

इथून पुढे दोन पात्यांचे रस्ते पार उलट्या दिशेला गेले. १९६४ मध्ये कुर्ल्यातून फियाट ११०० डिलाइट निघाली, इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचं. हीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. त्याच हंगामात अमेरिकेत पॉन्टिॲकने मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ घनइंची, म्हणजे सुमारे ६,४०० घनसेंटिमीटरचं व्ही-आठ इंजिन बसवलं आणि तिला ‘जीटीओ’ नाव दिलं. मध्यम गाडीत एवढं मोठं इंजिन घालू नये असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. पॉन्टिॲकच्या जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून पळवाट काढली. जीटीओ हे वेगळं मॉडेल न म्हणता जादा पैसे देऊन घ्यायचा पर्याय म्हणून यादीत टाकलं. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. मसल कार हा प्रकार इथून नावारूपाला आला. हलकी, दोन दारांची, साध्या घरातल्या तरुणाला हप्त्यांवर परवडणारी गाडी, आणि पुढच्या झाकणाखाली तिच्या वजनाच्या मानाने फार मोठं इंजिन.

कुर्ल्याच्या डॉजचं मूळ घराणं, म्हणजे क्रायस्लर, यात सर्वांत पुढे गेलं. १९६६ मध्ये त्यांनी शर्यतीचं ४२६ घनइंची ‘हेमी’ इंजिन सामान्य ग्राहकाला विकायला काढलं. ताकद ४२५ अश्वशक्ती. ज्वलनकक्षाचा माथा अर्धगोलाकार म्हणून ते नाव. त्या आकारामुळे मोठे व्हॉल्व्ह तिरपे बसतात, इंधन-हवेचं मिश्रण मोकळेपणाने आत येतं आणि धूर झटकन बाहेर जातो. १९६८ मध्ये प्लिमथने फारशी सजावट नसलेली, स्वस्त आणि वेगवान ‘रोड रनर’ आणली. डॉजची ‘चार्जर’ही त्याच वर्षी नव्या रूपात आली. मुंबईत ज्या नावांनी ऐसपैस, सावकाश गाड्या ओळखल्या जात, त्याच नावांवर तिकडे अमेरिकेतल्या सर्वांत तिखट गाड्या धावू लागल्या.

हा बहर दहा वर्षंही टिकला नाही. विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते भरमसाट वाढवले. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरावर बंधनं आणली, कमी शिशाच्या पेट्रोलसाठी इंजिनांची ताकद उतरवावी लागली आणि १९७३ च्या तेलसंकटाने उरलासुरला खेळ संपवला. या गाड्या जुन्या बाजारात कवडीमोल झाल्या. कित्येक ठोकल्या गेल्या, कित्येक भंगारात गेल्या. वीस-पंचवीस वर्षांनी मात्र ज्या पोरांनी त्या तरुणपणी नुसत्या डोळे भरून पाहिल्या होत्या ती पैसेवाली झाली, आणि मागणी उसळली. १९७१ ची प्लिमथ हेमी ‘कुडा’, उघड्या टपाची, जेमतेम डझनभर बनली होती. त्यातली एक २०१४ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली.

एवढी किंमत कशाची? इंजिन तसंच नवं बनवून घेता येतं, पत्रेही नवे मिळतात. पैसा मोजला जातो तो पुराव्यासाठी. त्या वर्षीच्या हेमी कुडाच्या चासी क्रमांकात पाचवं अक्षर ‘आर’ असतं, तो हेमी इंजिनाचा संकेत. पुढच्या मडगार्डच्या आत पत्र्याची छोटी पट्टी असते, तिच्यावर रंग, गिअरबॉक्स आणि इतर पर्यायांचे संकेत ठोकलेले असतात. कारखान्यातला कामाचा कागद कधीकधी सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो. हे सगळं एकमेकांशी जुळलं तर गाडी अस्सल. एक जरी आकडा विसंगत निघाला तरी भाव कोसळतो.

कुर्ल्याच्या गाड्यांनाही असा पुरावा असतो, आणि तो वाचायला फार अवघड नाही. बॉनेट उघडा. प्लिमथच्या सहा सिलिंडरी इंजिनाच्या डाव्या बाजूला, पुढच्या टोकाशी, सिलिंडर हेडच्या खाली आणि जनरेटरच्या वर एक घासून सपाट केलेला चौकोन आहे. त्यावर साचलेलं काळं तेल रॉकेलच्या फडक्याने पुसलं की ठोकलेला क्रमांक वर येतो. १९४६ ते १९४८ च्या प्लिमथ इंजिनांचा क्रमांक ‘पी १५’ने सुरू होतो. मग पुढचं डावं दार उघडून बिजागरीच्या खांबावरची पट्टी पाहायची. तिथे चासीचा क्रमांक. हे दोन्ही आरसी बुकाशी ताडून पाहायचे. लोकांनी पुढे डिझेल इंजिनं बसवली असतील तर पहिला आकडा जुळणार नाही, पण दुसरा जुळायलाच हवा.

नंतर पत्रा. त्या काळचा बाहेरचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा. आजच्या गाड्यांत तो ०.७ च्या आसपास असतो. पण त्यावर जस्ताचा मुलामा नसायचा, म्हणून गंज हा त्याचा कायमचा वैरी. बर्फाळ राज्यांत रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे अमेरिकेत तिकडची मसल कार आतून पोखरलेली निघते आणि ॲरिझोना-कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेतली महाग जाते. आपल्याकडे तेच काम खाडीचा वारा करतो. पेण तालुक्यातल्या खारपट्ट्यात चार पावसाळे उघड्यावर उभी राहिलेली गाडी आणि सोलापूरच्या कोरड्या वाड्यात ठेवलेली गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. जाणता माणूस आधी दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं बुजलेली आहेत का ते पाहतो, कारण तिथे तुंबलेलं पाणी दार आतून खातं. मग फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक मडगार्डवरून फिरवतो. ते जिथे सुटतं तिथे पत्रा नसून लांबी भरलेली असते. वर कितीही चकाचक डेंटिंग-पेंटिंग असलं तरी चुंबक खोटं बोलत नाही.

कायद्यानेही आता या गाड्यांना वेगळं स्थान दिलं आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची खास पाटी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालवता येत नाही, पण प्रदर्शनाला आणि रॅलीला नेता येते. १९४७ च्या कुर्ल्याच्या डॉजने ही अट कधीच ओलांडली आहे, आणि पद्मिनीच्या जन्मकाळच्या गाड्याही आता ओलांडत आहेत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली तेव्हा लोक हळहळले. ही हळहळच पुढे भाव ठरवते. अमेरिकेत जीटीओच्या बाबतीत नेमकं हेच घडलं.

माझं ठाम म्हणणं असं, की कुर्ल्यात बनलेल्या गाडीचं कुर्लेपण झाकू नये. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत आयात गाडीला जादा मान देण्याची ओढ असते. त्यापायी इथले बिल्ले काढून अमेरिकेहून मागवलेले लावले, इथली पट्टी उचकटली, की गाडीचा इतिहासच पुसला जातो. डेट्रॉइटमध्ये बनलेल्या प्लिमथ लाखोंनी आहेत. नवस्वतंत्र देशात, सोलापूरच्या माणसाच्या हट्टापायी, मुंबईच्या कामगारांनी जोडलेल्या प्लिमथ थोड्याच. कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते तेव्हा लोक ती जर्मनीत किती किमतीची आहे हे विचारत नाहीत. ती कोल्हापूरची असते, म्हणून गर्दी होते. कुर्ल्याच्या डॉजलाही तसंच आपलं म्हणून पाहता आलं पाहिजे.

आणि हे कूळ तुटलेलं नाही. प्रीमियरचे दोन जुने भागीदार, क्रायस्लर आणि फियाट, २०१४ मध्ये एकच कंपनी झाले. २०१७ पासून पुण्याजवळ रांजणगावला त्यांची जीप कंपास बनू लागली. वालचंदांच्या कंपनीने कुर्ल्यात ज्या दोन घराण्यांशी सोयरीक केली होती ती सत्तर वर्षांनी महाराष्ट्रातच एका छपराखाली आली.

म्हणून कुणाच्या वाड्यात, गोठ्याशेजारी किंवा बंद गॅरेजात ताडपत्रीखाली जुनी डॉज, प्लिमथ, डिसोटो किंवा डुक्कर फियाट उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तिचे क्रमांक उतरवून घ्या. आरसी बुक, जुनी बिलं, विम्याचे कागद, लग्नात त्या गाडीपुढे काढलेले फोटो एका पाकिटात ठेवा. पोलादाच्या भट्टीत पडलेलं भंगार वितळून पुन्हा उपयोगी पत्रा होतं, ते चांगलंच आहे. पण भट्टी कुळाची नोंद ठेवत नाही. ती घरातल्या माणसांनीच ठेवायची असते.