भाराची जागा

पहाडगंजच्या गल्लीत हातगाडी भरणाऱ्या हमालाला एक शास्त्र अनुभवानेच अवगत असते: ओझे किती, याहून ते कोठे ठेवले, यावर गाडीचा तोल ठरतो. मागे भार वाढला की दांडा वर उचलला जातो. विमानविद्येला हाच धडा प्राणांचे मोल देऊन शिकावा लागला.

1917 साली ब्रिटिशांचे 'सॉपविथ कॅमल' हे लढाऊ विमान रणांगणावर उतरले. एंजिन, बंदुका, वैमानिक व पेट्रोलची टाकी हा बहुतेक सारा भार पुढच्या सुमारे सात फुटांत एकवटलेला. म्हणून ते विलक्षण चपळ. पंख्याबरोबर स्वतःही फिरणारे एंजिन भोवऱ्याप्रमाणे त्याला ओढी. परंतु टाकी भरलेली असता गुरुत्वमध्य मागे सरके, शेपूट जड होई आणि नवशिक्याचे विमान गिरक्या घेत कोसळे. या विमानाचे सुमारे 400 वैमानिक लढाईत पडले. जवळजवळ तितकेच लढाईबाहेर दगावले.

याच विमानातून हरदितसिंग मलिक लढले. 26 ऑक्टोबर 1917 रोजी पायात गोळी लागली असताही त्यांनी ते आपल्या हद्दीत उतरविले. पुढे ते सनदी सेवेत शिरले आणि स्वातंत्र्यानंतर फ्रान्समध्ये आपले राजदूत झाले.

आज प्रत्येक उड्डाणापूर्वी भाराचा हिशेब मांडला जातो. आम्हां सरकारी नोकरांना आकडे रुक्ष वाटत नाहीत. पण या आकड्यांमागे मात्र कित्येक तरुण उभे आहेत, हे विसरता कामा नये.