डॉक्टरांच्या घरात घटसर्प

आनंदीबाई जोशींमुळे फिलाडेल्फियाचं बायकांचं मेडिकल कॉलेज आपल्याला निदान ऐकून माहीत असतं. १८८६ साली त्या तिथून एम.डी. झाल्या. त्याच्या बावीस वर्षं आधी, १८६४ साली, त्याच कॉलेजातून मेरी पटनम नावाची मुलगी डॉक्टर झाली होती. आनंदीबाईंबद्दल वाचता वाचता मी हिच्यापर्यंत पोचले, आणि मग बरेच दिवस तिथेच रेंगाळले.

मेरीचा जन्म १८४२ सालचा. वडील जॉर्ज पामर पटनम हे न्यूयॉर्कचे नावाजलेले प्रकाशक, आणि अकरा भावंडांत ही थोरली. विशीच्या आतच तिची कथा एका मोठ्या मासिकात छापून आली होती. मुलगी लेखिका झाली असती तर वडील खूशच झाले असते. डॉक्टरी त्यांना किळसवाणी वाटायची, पण ते आडवे आले नाहीत.

फिलाडेल्फियाच्या डिग्रीवर मेरीचं समाधान नव्हतं. १८६६ साली ती पॅरिसला गेली. तिथल्या सरकारी मेडिकल स्कूलमध्ये तोवर एकाही बाईला प्रवेश मिळाला नव्हता. दोन वर्षं खटपट केल्यावर तिला तो मिळाला, पण अट अशी की वर्गात बाजूच्या दाराने यायचं आणि प्राध्यापकांच्या जवळ बसायचं. खर्च भागवायला ती अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकाला पॅरिसची वार्तापत्रं पाठवायची. खाली सही असायची ‘पी. सी. एम.’, म्हणजे मेरी कोरिना पटनमची आद्याक्षरं उलटी. मधेच युद्ध पेटलं, प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला, तरी ती शहर सोडून गेली नाही. १८७१ साली चरबीच्या रसायनशास्त्रावरच्या प्रबंधाला पदक मिळवून ती डॉक्टर झाली.

न्यूयॉर्कला परतल्यावर १८७३ साली तिने अब्राहम जेकोबीशी लग्न केलं. हा माणूसही साधा नव्हता. जर्मनीत क्रांतिकारकांच्या नादाने तुरुंगात जाऊन आलेला, सुटल्यावर अमेरिका गाठलेली. तिथे त्याने लहान मुलांच्या आजारांना स्वतंत्र शास्त्राचा दर्जा मिळवून दिला. आजही त्याला अमेरिकन बालवैद्यकाचा जनक म्हणतात. त्याच्या आधीच्या दोन्ही बायका वारल्या होत्या, आणि मुलंही जगली नव्हती.

लग्नाच्याच वर्षी हार्वर्डच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांचं पुस्तक आलं. मुलींनी पाळीच्या वयात फार अभ्यास केला तर शरीर कायमचं बिघडतं, असा त्यांचा दावा. मेरीने एक हजार बायकांना प्रश्नावली पाठवली. २६८ जणींची उत्तरं आली. तिने काहींच्या नाडीचे आलेख काढले, ताप मोजला, स्नायूंची ताकद मोजली. निष्कर्ष असा, की निरोगी बाईला त्या दिवसांत सक्तीच्या विश्रांतीची गरज नसते. हा निबंध तिने हार्वर्डच्याच बॉयल्स्टन स्पर्धेत पाठवला. नाव झाकलेलं होतं. १८७६ सालचं बक्षीस त्यालाच मिळालं. मला हा किस्सा फार आवडतो. भाषणं न ठोकता थेट आकडे समोर ठेवले.

पण आकड्यांनाही कुठेतरी हद्द असते. या जोडप्याची पहिली मुलगी जन्मल्यावर लगेच गेली. मग एर्न्स्ट झाला, त्यानंतर मार्जोरी. १८८० साली अब्राहमने घटसर्पावर जाडजूड ग्रंथ लिहिला. घशात करड्या रंगाचा पापुद्रा धरतो, श्वास कोंडतो, मूल डोळ्यांदेखत गुदमरतं: सगळं त्याला ठाऊक होतं. १८८३ साली एर्न्स्टला घटसर्प झाला. बाप त्या रोगाचा मोठा जाणकार, आई पॅरिसची डॉक्टर, आणि मुलगा सातव्या वर्षी गेला. त्याच वर्षी जूनमध्ये आनंदीबाई न्यूयॉर्क बंदरात उतरल्या होत्या; त्यांचंही बाळ अवघ्या दहा दिवसांत गेलं होतं आणि म्हणूनच तर त्या डॉक्टर व्हायला निघाल्या होत्या.

त्याच सुमाराला जर्मनीत घटसर्पाचा जंतू सापडत होता. १८९० साली बेरिंग आणि कितासातो यांनी त्याच्या विषावर उतारा दाखवला, १८९४पासून तो रुग्णालयांत पोचू लागला. एर्न्स्टला अकरा वर्षं उशीर झाला. आज आपल्याकडे बाळ दीड महिन्याचं झालं की या रोगाची पहिली लस टोचतात, आणि आपण फक्त रात्री ताप येईल का एवढंच विचारतो.

मेरी थांबली नाही. शिकवलं, रुग्ण तपासले, १८९४ साली बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी पुस्तक लिहिलं. १८९६च्या सुमारास तिचं डोकं मागच्या बाजूला दुखू लागलं. पुढे चालताना तोल जाऊ लागला. तेव्हा तिने जन्मभर केलं तेच केलं: लक्षणं क्रमाने टिपून ठेवली. त्या टिपणाचं शीर्षक लांबलचक आहे. लहान मेंदूवर दाब देणाऱ्या गाठीची सुरुवातीची लक्षणं, जिच्यामुळे लेखिकेचा मृत्यू झाला, स्वतः लेखिकेनेच लिहिलेली. ‘मृत्यू झाला’ हा भूतकाळ तिने जिवंतपणी स्वतःच्या हाताने लिहिला. जून १९०६मध्ये ती गेली.

अब्राहम त्यानंतर तेरा वर्षं जगला. म्हातारपणी तो आत्मचरित्र लिहीत होता. १९१८ साली लेक जॉर्जच्या काठचं त्याचं घर जळालं, त्यात ते कागदही गेले.