टायरचा आकार बदलल्यावर स्पीडोमीटर किती खरा?

मोटारीचे टायर बदलावयाची वेळ आली की दुकानात हमखास एक सल्ला मिळतो: ‘एक साइज मोठा घाला, गाडी भरदार दिसेल.’ गाडी भरदार दिसते हे खरे. परंतु त्या दिवसापासून समोरच्या फलकावरील वेगाचा आणि अंतराचा प्रत्येक आकडा थोडासा बदललेला असतो आणि याची कल्पना बहुतेक वाहनधारकांना नसते.

स्पीडोमीटर वेग थेट मोजत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. तो चाकाचे फेरे मोजतो. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून निघालेली एक तार फलकामागील चुंबक फिरवीत असे आणि त्या चुंबकाच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी स्प्रिंगच्या विरोधात वळून काटा हलत असे. जर्मनीतील ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना जवळजवळ शतकभर टिकली. आता तारेची जागा गिअरबॉक्सवरील किंवा एबीएसच्या चाकांजवळील सेन्सरने घेतली आहे. साधने बदलली, तत्त्व तेच राहिले. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते हा आकडा कारखान्यातच निश्चित केलेला असतो. टायरचा घेर बदलला तरी यंत्रणा जुन्याच आकड्याने गुणाकार करीत राहते.

हा घेर टायरच्या अंगावर लिहिलेल्या आकड्यांवरून काढता येतो. अनेक हॅचबॅक गाड्यांना असणारा १८५/६५ आर १५ हा टायर घेऊ. १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. साइडवॉल वर आणि खाली अशी दोनदा धरावयाची. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर, त्यात दोन्ही साइडवॉलचे २४०.५ मिळविले की व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो. घेर सुमारे १.९५ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ५१२ फेरे. भाराने टायर तळाशी किंचित दबतो, त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्यक्ष घेर याहून थोडा कमी भरतो. पण दोन टायरांची तुलना करावयास हे गणित पुरेसे आहे.

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. टायर रुंद झाला की मीटर चुकतो, असे मानले जाते. वस्तुतः प्रश्न व्यासाचा आहे. वरील टायरच्या जागी तब्बल २० मिलिमीटर रुंद असलेला २०५/६० आर १५ बसविला, तर व्यास ६२७ मिलिमीटर होतो आणि फरक एक टक्काही पडत नाही. उलट केवळ १० मिलिमीटर रुंद असलेला १९५/६५ आर १५ घातला, तर फरक दोन टक्क्यांच्या वर जातो, कारण मधला ६५ हा आकडा रुंदीची टक्केवारी असल्याने रुंदी वाढताच साइडवॉलही उंच झाली. गाडी बनविणारे हे जाणून असतात. स्विफ्टच्या २०१८ च्या पिढीत खालच्या श्रेणीला १६५/८० आर १४ आणि वरच्या श्रेणीला १८५/६५ आर १५ टायर होते. दिसण्यात जमीन-अस्मानाचा फरक, पण व्यासात दोन मिलिमीटरचाही नाही.

मोठा फरक पडतो तो जीपसारख्या उंच गाड्यांत, जेथे हौसही मोठी असते. बोलेरोला मिळणाऱ्या २१५/७५ आर १५ चा व्यास ७०३.५ मिलिमीटर. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घातला की तो ७३३.५ होतो. वाढ जवळपास ४.३ टक्के. मूळ मीटर अचूक होता असे धरले, तर काटा ८० वर असताना गाडी ८३ च्या पुढे आणि काटा १०० वर असताना १०४ च्या पुढे धावत असते.

‘मूळ मीटर अचूक होता असे धरले’ हे मुद्दाम म्हटले, कारण तो सहसा अचूक नसतो. अनेक देशांनी स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ नुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये. जास्त दाखविला तर चालेल, मात्र खऱ्या वेगाचा दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर एवढ्याच मर्यादेत. म्हणजे खरा वेग १०० असता काटा ११४ पर्यंत जाऊ शकतो, पण ९९ दाखविणे चालत नाही. त्यामुळे उत्पादक काटा थोडा पुढेच ठेवतात. समजा एखादी गाडी खऱ्या ९६ ला १०० दाखवीत होती. तिला ४.३ टक्के मोठे टायर घातले की काटा १०० वर असताना खरा वेगही १०० होतो. मोबाइलवरील आकड्याशी ताडून मालक खूश होतो: ‘उलट माझा मीटर आता बरोबर झाला!’ झाले एवढेच की चालकाच्या बाजूने ठेवलेली सवलत संपली. ज्या गाडीत ती मुळातच एक-दोन टक्क्यांची होती, तिचा काटा आता खऱ्या वेगाच्या मागे राहतो.

अंतर मोजणाऱ्या ओडोमीटरला तर अशी मुद्दाम ठेवलेली सवलत नसते. तो मूळ टायरवर बहुधा बराच अचूक असतो, म्हणून टायरचा फरक त्यात जवळजवळ पूर्णपणे उतरतो. वरील उदाहरणात १०,००० किलोमीटर दिसत असताना गाडी १०,४०० हून अधिक धावलेली असते आणि सर्व्हिसिंग तेवढे लांबते. लिटरला प्रत्यक्ष १५ किलोमीटर देणारी गाडी हिशेबात १४.४ देते. मोठे टायर घातल्यावर ‘ॲव्हरेज पडले’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यातील एक भाग वजन आणि घर्षणाचा असतो, तर एक भाग निव्वळ आकड्यांचा. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने म्हणूनच चालकाच्या दारापाशी असलेला टायरच्या आकाराचा तक्ता आणि प्रत्यक्ष टायर ताडून पाहावेत.

लहान टायरचा परिणाम उलटा. १८५/६५ च्या जागी १८५/६० आर १५ बसविला तर व्यास तीन टक्क्यांनी घटतो. काटा सुरक्षित बाजूला राहतो, पण अंतर फुगते. खासगी गाडीत हे चालून जाईल. टॅक्सीत मात्र भाडेमीटरही चाकाच्या फेऱ्यांवरूनच अंतर ओळखत असेल, तर ३० किलोमीटरच्या प्रवासाला जवळपास ३१ किलोमीटरचे भाडे लागते. गोव्यात टॅक्सींच्या डिजिटल मीटरवरून एवढा वाद झाला, पण त्या गाडीला टायर कोणते आहेत हा प्रश्न चर्चेत क्वचितच येतो. पडताळणीच्या वेळचे टायर आणि नंतर घातलेले टायर एकाच घेराचे हवेत, हे प्रवासी आणि चालक दोघांच्याही हिताचे आहे. टायर झिजूनही थोडा फरक पडतोच. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात आणि १.६ मिलिमीटरला टायर बाद होतो; तोवर व्यास सुमारे दोन टक्के कमी झालेला असतो.

कायद्याच्या बाजूने पाहता, मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ती भूमिका ठळक केली. अतिवेगासाठी कलम १८३ खाली हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये दंड आहे. वेग टिपणारा कॅमेरा गाडीचा खरा वेग पाहतो. फलकावर काय दिसत होते याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्याच गाडीच्या दुसऱ्या श्रेणीला उत्पादकाने दिलेला आकार निवडणे हा सर्वांत निर्धोक मार्ग. एरवी व्यासातील फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवावा, तोही शक्यतो उणे बाजूला, आणि टायरवरील भाराचा अंक मूळ टायरपेक्षा कमी नसावा.

मीटरची चाचणी घरच्या घरी होते. सपाट, सरळ आणि मोकळा रस्ता निवडावा. चोर्ला किंवा अनमोडचा घाट यासाठी कामाचा नाही, कारण वळणांवर व चढउतारांवर वेग स्थिर राहत नाही आणि डोंगराआड जीपीएसही डळमळते. काटा काही वेळ ६० वर स्थिर ठेवून शेजारी बसलेल्याने मोबाइलवरील जीपीएसचा वेग पाहावा, चालकाने नव्हे. जीपीएस नसेल तर काटा ६० वर ठेवून दहा किलोमीटर दगडांवरून मोजावेत. एखादा दगड जागेवर नसतो, म्हणून एकाच किलोमीटरवर विसंबू नये. अचूक ६० असेल तर बरोबर ६०० सेकंद लागतील. अधिक लागले तर मीटर जास्त दाखवितो आणि ५७६ सेकंदांत अंतर संपले तर गाडी प्रत्यक्षात ६२.५ ने धावत होती.

फरक आढळला तर काही गाड्यांत अधिकृत सेवा केंद्र संगणक जोडून टायरचा नवा घेर नोंदवू शकते. तारेच्या जुन्या मीटरमध्ये गिअरबॉक्सजवळील लहान दातेरी चाक बदलून हे साधत असे. ही सोय सर्व गाड्यांत नसते, म्हणून टायर विकत घेण्यापूर्वीच चौकशी करावी. मीटर दुरुस्त झाला तरी स्टेपनी जुन्याच आकाराची राहिलेली असते, हेही विसरू नये. ती एका बाजूला लावली की त्या धुरीवरील दोन चाके वेगवेगळ्या गतीने फिरू लागतात आणि ब्रेकची एबीएस यंत्रणा त्याला घसरण समजू शकते. अशा स्थितीत पंक्चर काढणाऱ्या दुकानापर्यंत सावकाश जावे आणि मूळ चाक पुन्हा बसवून घ्यावे.