बारीपाडा: कुऱ्हाड थांबली कशी?

यावेळी मी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला गेलो. दाट रान बघून वाटलं, हे आधीपासून असंच असणार. पण नाही! 1990च्या आसपास हे डोंगर बोडके होते, बायका पाण्यासाठी वणवण फिरायच्या.

जरा मागे जाऊ. 1878च्या वन कायद्याने इंग्रजांनी जंगलं राखीव केली आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आदिवासीच चोर ठरले. जे आपलं नाही, ते राखायचं कोणी?

बारीपाड्यात चैत्राम पवारांसोबत गावानेच नियम केले: झाड तोडलं की दंड. चर खणले, बांध घातले. रान परतलं, विहिरींना पाणी आलं. 2025मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

तुमच्या गावचं रान कोण राखतं? व्हॉइस नोट पाठवा!